समुद्रावरचा राक्षस आणि पडद्याआडचे विज्ञान

२०२५ च्या जूनअखेरीस चीनच्या बोहाई समुद्राकाठचे एक छायाचित्र जगभर फिरले. धक्क्याला करड्या रंगाचे एक अवाढव्य यंत्र लागलेले. पोट होडीचे, पंख विमानाचे आणि पंखांवर जेट इंजिने. चीन सरकारने खुलासा केला नाही, तेव्हा परदेशी पत्रकारांनीच त्याचे बारसे उरकले : 'बोहाईचा राक्षस'. त्याच सुमारास अमेरिकेच्या संरक्षण खात्याची संशोधन संस्था 'डार्पा' हिने अशाच प्रकारच्या एका यंत्राचा, 'लिबर्टी लिफ्टर'चा, प्रकल्प बंद केला. एक महासत्ता हे यंत्र पाण्यात उतरवते आणि दुसरी ते कागदावरच थांबवते.

या बातम्यांशी आमच्या वाचकांचा काय संबंध, असे कोणी विचारील. वस्तीत नळाला पाणी यावे म्हणून मोर्चा काढणाऱ्याला समुद्रावरून धावणाऱ्या यंत्राचे काय? आमचे म्हणणे असे की, संबंध आहे आणि तो जवळचा आहे. शस्त्रांचा इतिहास हा नुसता लोखंडाचा इतिहास नसतो. पैसा कोणाचा, निर्णय कोणाचा, ज्ञान कोणाच्या ताब्यात आणि हिशेब मागण्याचा अधिकार कोणाला, याचा तो इतिहास असतो. हे चार प्रश्न आपल्या चळवळीचेच प्रश्न आहेत. म्हणून हा राक्षस पहिल्यांदा कुठे जन्मला आणि कसा मेला, हे आपण समजून घेतले पाहिजे.

ना जहाज, ना विमान

विमानाचा पंख पाण्याच्या किंवा जमिनीच्या अगदी जवळून जाऊ लागला की पंखाखालची हवा दाबली जाते. तिची जणू गादी तयार होते. एरवी पंखांच्या टोकांशी हवेचे भोवरे फिरतात आणि विमानाला मागे ओढतात. पाणी जवळ असले की त्या भोवऱ्यांना पुरते फिरायला जागा मिळत नाही. मागची ओढ कमी होते आणि तेवढ्याच ताकदीत जास्त वजन पेलता येते. यालाच ग्राउंड इफेक्ट म्हणतात. पंखांच्या एकूण लांबीच्या निम्म्याहून कमी उंचीवर त्याचा फायदा जाणवू लागतो, आणि जितके खाली जावे तितका तो वाढतो. समुद्रपक्षी लाटांना पंख टेकतील इतक्या खालून लांबवर तरंगत जातात ते याच नियमाने. निसर्गाचे नियम कोणाची मक्तेदारी नसते, ते पाखरालाही ठाऊक असतात.

माणसाने हा नियम मुद्दाम वापरून पाहिला तो १९३० च्या दशकात. फिनलंडच्या तोइव्हो कारिओ या अभियंत्याने १९३५ च्या सुमारास बर्फावरून सरकणारे पंखाचे छोटे यान केले. पुढे अलेक्झांडर लिपिश या जर्मन अभियंत्याने अमेरिकेत १९६३ साली एक्स-११२ हे लहान यान उडवले. हाच लिपिश दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनीसाठी रॉकेटवर चालणारे लढाऊ विमान रेखाटणारा. महायुद्ध संपल्यावर जेत्यांनी त्याचे ज्ञान आपल्याकडे नेले. सत्ता बदलली तरी अशा ज्ञानाला गिऱ्हाईक मिळतेच. पण ही सारी लहान याने होती. या नियमावर शेकडो टनांचे युद्धयंत्र उभे करण्याचे धाडस एकाच देशाने केले, तो देश म्हणजे सोव्हिएत रशिया.

लष्कराला या यंत्राची भुरळ पडण्याची कारणे साधी होती. पृथ्वी गोल असल्यामुळे पाण्यालगत येणारी वस्तू दूरच्या जहाजाच्या रडारला उशिरा दिसते. पाण्याला स्पर्शच नसल्यामुळे पाणसुरुंग आणि पाणतीर निरुपयोगी ठरतात. जहाज ताशी पन्नास-साठ किलोमीटरने जाते, हे यंत्र ताशी चारशेच्या वर जाते. शिवाय धावपट्टी लागत नाही. शत्रूला कळायच्या आत सैन्य किंवा क्षेपणास्त्रे त्याच्या किनाऱ्याशी! कोणत्याही सेनापतीला हे स्वप्न आवडणारच.

एकाच माणसाची दोन कामे

हे स्वप्न प्रत्यक्षात आणणारा माणूस रोस्तिस्लाव अलेक्सेयेव. जन्म १९१६. व्होल्गा नदीकाठच्या गोर्की शहरात तो शिकला. महायुद्धात सोर्मोवोच्या कारखान्यात टी-३४ रणगाड्यांच्या कामावर होता. हा सोर्मोवो म्हणजे कामगार चळवळीच्या इतिहासातले मोठे नाव. १९०२ च्या मे दिनाला तिथल्या कामगारांनी लाल निशाण घेऊन मोर्चा काढला आणि त्यावरूनच मॅक्झिम गॉर्कीची 'आई' ही कादंबरी उभी राहिली. मराठीत ती वाचून आपल्याकडचे कितीतरी कार्यकर्ते घडले.

याच सोर्मोवोत अलेक्सेयेव यांनी आधी जे केले ते युद्धयंत्र नव्हते. ती प्रवासी बोट होती. बोटीच्या तळाखाली पाण्यात बुडालेले छोटे पंख बसवायचे. वेग वाढला की ते पंख बोटीला वर उचलतात, बोटीचे पोट पाण्याबाहेर येते आणि पाण्याचा अडथळा एकदम कमी होतो. याला हायड्रोफॉइल म्हणतात. १९५७ साली त्यांची 'राकेता' ही बोट तयार झाली. त्या वर्षीच्या मॉस्कोतल्या जागतिक युवक महोत्सवात ती हजारोंनी पाहिली. गोर्कीहून काझान हे ४२० किलोमीटरचे अंतर तिने सात तासांत कापले. पुढे 'मेतेओर', 'कोमेता' अशा बोटी आल्या. शेकड्यांनी बांधल्या गेल्या. कामगार, विद्यार्थी, बाजारहाटाला निघालेल्या बाया त्यांतून प्रवास करू लागल्या. अनेक देशांनी त्या विकत घेतल्या. १९६२ साली अलेक्सेयेव यांना लेनिन पारितोषिक मिळाले.

दुसरे काम त्याच वेळी, त्याच शहरात, पण बंद दाराआड सुरू झाले होते. १९५९ पासून गोर्की शहर परदेशी माणसांना बंद झाले. २२ जुलै १९६१ रोजी पाण्यालगत उडणाऱ्या पहिल्या प्रायोगिक यानाची, एसएम-१ ची, चाचणी झाली. त्याच १९६१ साली आमचे अण्णा भाऊ साठे रशियाला जाऊन आले आणि त्यांनी 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला. महाराष्ट्राचा गॉर्की म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्यांनाही गोर्की शहराचे दार बंदच होते. परक्यांचे सोडा, ज्यांच्या घामावर हे काम चालले होते त्या रशियन कामकऱ्यालाही त्याचा पत्ता नव्हता.

रशियन भाषेत या यंत्राला 'एक्रानोप्लान' म्हणतात. 'एक्रान' म्हणजे पडदा. शास्त्रज्ञांच्या लेखी हा पडदा म्हणजे खालचा पृष्ठभाग. पण राज्यकर्त्यांनी त्याचा शब्दशः अर्थ केला आणि यंत्रावर खरोखरचा पडदा टाकला.

कॅस्पियनचा राक्षस

१९६६ साली 'केएम' नावाचे यंत्र तयार झाले. लांबी ९२ मीटर, कमाल वजन ५४४ टन. त्या काळी जगातले कोणतेही विमान एवढे वजन घेऊन उडत नव्हते. दहा जेट इंजिने : आठ पुढे मानेजवळ, दोन शेपटीवर. पुढच्या आठांचे काम मुख्यतः उठण्यापुरते. पाणी एखाद्या चिखलासारखे धरून ठेवते. त्यातून सुटायला प्रचंड ताकद लागते. म्हणून त्या आठ इंजिनांचा झोत पंखांखाली सोडायचा. एकदा यंत्र हवेच्या गादीवर आले की फार कमी ताकदीत पुढे चालते. पंख सोडवून, झाकून, रात्री-रात्री ओढत हे यंत्र व्होल्गेतून दागेस्तानातल्या कास्पीस्क गावी नेण्यात आले. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी ते कॅस्पियन समुद्रावरून प्रथम धावले. चालवणाऱ्यांत स्वतः अलेक्सेयेव होते.

गंमत पहा. रशियन जनतेला जे दिसू दिले नाही, ते अमेरिकेच्या हेरगिरी करणाऱ्या उपग्रहांनी आभाळातून टिपले. त्यांच्या तज्ज्ञांना हे जहाज की विमान तेच कळेना. अंगावरची 'केएम' ही अक्षरे पाहून त्यांनी नाव ठेवले 'कॅस्पियन समुद्राचा राक्षस'. खरा अर्थ होता 'कोराब्ल-मकेत', म्हणजे जहाजाचा नमुना. म्हणजे गुप्तता शत्रूपासून राहिलीच नाही. ती राहिली फक्त ज्यांचा पैसा होता त्यांच्यापासून. सरकारी गुप्ततेचा हा नेहमीचा अनुभव आहे.

त्यानंतर 'ओर्ल्योनोक' आले. १४० टनांचे. पोटात दीडशे सैनिक किंवा दोन चिलखती गाड्या घेऊन किनाऱ्यावर उतरवणारे. शंभराहून अधिक बांधण्याची योजना होती असे सांगतात. नौदलाला प्रत्यक्षात मिळाली तीन. तिसरे 'लून'. ३८० टनांचे, आठ इंजिनांचे, पाठीवर मोस्कित क्षेपणास्त्रांच्या सहा नळ्या. १९८७ च्या सुमारास ते चाचण्यांना उतरले. तेही एकच झाले.

एवढी बुद्धी, एवढा पैसा, एवढे श्रम, आणि पंचवीस वर्षांत हाती आली ही चार-पाच यंत्रे. असे का झाले?

काही कारणे यंत्राच्या स्वभावातच होती, ती प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजेत. कॅस्पियन हा बंदिस्त समुद्र आहे. खुल्या महासागरात लाटा उंच उठल्या की पाण्यालगत उडणे धोक्याचे. वळायचे तर विमानासारखे कलता येत नाही, कारण पंखाचे टोक पाण्यात जाईल. त्यामुळे वळसा फार मोठा लागतो. खारे पाणी इंजिने खाते. आणि विमानांवरची रडारे सुधारली, उपग्रह आले, तसा लपून येण्याचा फायदाही आटत गेला.

पण आमच्या मते खरी कारणे यंत्राबाहेर होती आणि ती तीन होती.

पहिले कारण खान्यांचे. व्यवस्थेला प्रत्येक वस्तू ठरलेल्या खान्यात बसलेली हवी असते. हे यंत्र जहाज कारखान्यात बांधले, पण उडणारे. ते नौदलाचे की हवाई दलाचे? चालवणारा खलाशी की वैमानिक? त्याची दुरुस्ती कोणत्या नियमाने? हा वाद वर्षानुवर्षे चालला. कोणत्याच खात्याला ते आपले वाटले नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने अशा यानांसाठी पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली ती २००२ साली, म्हणजे केएम धावल्यानंतर छत्तीस वर्षांनी! जन्मावरून खाना ठरवणारी आणि खान्याबाहेरच्याला जागाच न देणारी व्यवस्था काय असते, हे आमच्या वाचकांना शिकवायला नको.

दुसरे कारण प्रश्न विचारण्याच्या बंदीचे. १९७० च्या दशकाच्या मध्याला ओर्ल्योनोकच्या चाचणीत अपघात झाला. अंगाचा धातू ठिसूळ निघाला आणि मुख्य इंजिनासह शेपटीच तुटून गेली. आत अलेक्सेयेव होते. त्यांनी पुढच्या इंजिनांच्या जोरावर ते यंत्र किनाऱ्याला आणले. माणसे वाचली. जगात कुठेही अशा माणसाला विचारले असते की बाबा, धातू का तुटला, पुढे काय करावे? इथे बक्षीस मिळाले ते पदावरून दूर होण्याचे. त्यांच्याच कारखान्यात त्यांना खालच्या पायरीवर बसवले गेले. फेब्रुवारी १९८० मध्ये ते वारले. त्याच वर्षी केएम चाचणीत कोसळले आणि कॅस्पियनमध्ये बुडाले. ज्याने प्रवासी बोटींनी सोव्हिएत नद्यांचा चेहरा बदलला, त्याचे दुसरे निम्मे आयुष्य त्याच्या देशवासीयांना कित्येक वर्षे ठाऊकच नव्हते.

तिसरे कारण आश्रयाचे. या प्रकल्पांचा पाठीराखा एक बलाढ्य माणूस होता : दिमित्री उस्तिनोव्ह. १९७६ पासून तो संरक्षणमंत्री होता. त्याच्या मर्जीवर पैसा येत होता. डिसेंबर १९८४ मध्ये उस्तिनोव्ह वारला आणि नव्या मंत्र्याने हात आखडता घेतला. लोकांपुढे कधी बाजूच मांडली नव्हती, त्यामुळे बाजू घेणाराही कोणी उरला नाही. एका माणसाच्या कृपेवर उभे राहिलेले काम त्या माणसाच्या तिरडीबरोबरच उठते. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीविषयी जो इशारा दिला, तो केवळ मतदारांसाठी नव्हता. तो शास्त्रज्ञांना, अधिकाऱ्यांना, साऱ्यांनाच लागू आहे.

बाबासाहेबांचा प्रश्न

सोव्हिएत रशियाबद्दल बोलताना आम्ही भांडवलदारांच्या सुरात सूर मिसळू इच्छित नाही. शोषणाचा अंत करण्याचे ध्येय मोठे होते. बाबासाहेबांनीही ते कधी हिणवले नाही. पण २० नोव्हेंबर १९५६ रोजी, महापरिनिर्वाणापूर्वी अवघे सोळा दिवस, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत त्यांनी जो सवाल केला तो आजही ताजा आहे. बळाने उभी केलेली व्यवस्था बळ निघून गेल्यावर कशाच्या आधारावर उभी राहणार? माणसाचे मन बदलले नाही, त्याला स्वातंत्र्य आणि बंधुता मिळाली नाही, तर नुसत्या सक्तीने मिळालेली समता टिकेल काय?

या सवालाचे उत्तर पस्तीस वर्षांनी, १९९१ साली मिळाले. आणि कास्पीस्कच्या धक्क्यावर त्याचा एक छोटा पुरावा गंजत उभा राहिला. १९९२ मध्ये एक ओर्ल्योनोक अपघातात गेले, एक जण मेला. १९९३ मध्ये उरलेली निवृत्त झाली. लून १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत कसेबसे यादीवर होते. मग वीस वर्षे ते धक्क्याला पडून राहिले. ३१ जुलै २०२० रोजी ते ओढत देर्बेंतजवळच्या किनाऱ्यावर आणले, तर वाळूत रुतून बसले. लाटा पोटात शिरल्या. काही महिन्यांनी ते वर ओढले गेले. ज्याने शत्रूच्या जहाजांना धडकी भरवायची, ते आता पर्यटकांच्या फोटोसाठी उभे आहे.

यातली एक गोष्ट आम्हाला अधिक टोचते. ७ एप्रिल १९८९ रोजी 'कोम्सोमोलेत्स' ही सोव्हिएत अणुपाणबुडी नॉर्वेजवळच्या समुद्रात आग लागून बुडाली. ४२ खलाशी मेले. त्यांतले बरेचसे पाणबुडीतून बाहेर पडले होते. ते मेले बर्फगार पाण्यात, मदतीची वाट बघत. वेगाने पोहोचणारे काही असते तर ते वाचू शकले असते. त्यानंतर सरकारला सुचले की अर्धवट बांधलेल्या दुसऱ्या लूनचे बचावयान करावे. नाव दिले 'स्पासातेल', म्हणजे तारणारा. काम बरेच पुढे गेले, पण तोवर देश कोसळला आणि पैसा संपला. माणसे मारण्यासाठी वीस-पंचवीस वर्षे तिजोरी उघडी होती. माणसे वाचवण्याचा विचार आला तेव्हा ती रिकामी झाली होती!

उलट अलेक्सेयेव यांच्या प्रवासी बोटी पहा. साम्राज्य गेले, पक्ष गेला, शहराचे नावही बदलून पुन्हा निझनी नोवगोरोद झाले. पण त्या बोटींची विद्या टिकली. कारण ती लोकांसमोर आली होती. लोकांनी वापरली, तक्रारी केल्या, सुधारणा मागितल्या, इतर देशांनी पारखली. एकच माणूस, एकच शहर, तीच बुद्धी. जे लोकांत गेले ते जगले, जे पडद्याआड राहिले ते गंजले. या इतिहासाचा धडा आम्ही एवढाच काढतो.

आजचे राक्षस

आता पुन्हा वर्तमानाकडे येऊ. २०१० साली इराणने 'बावर-२' ही छोटी एकआसनी याने मोठ्या थाटात दाखवली. २०१८ साली रशियाच्या उपपंतप्रधानांनी 'ओर्लान' नावाच्या नव्या एक्रानोप्लानची घोषणा केली. आणि २०२५ मध्ये चीन. चीनचा हिशेब समजणे कठीण नाही. समोर तैवान आहे, मध्ये अरुंद सामुद्रधुनी आहे आणि दक्षिणेकडे बेटांवरून वाद आहेत. सैन्य, रसद किंवा जखमी वेगाने नेणारे यंत्र तिथे उपयोगी पडू शकते. पण ते नक्की कशासाठी, किती खर्चाचे, हे चिनी जनतेने विचारायची सोय नाही. ती जनता ते यंत्र परदेशी पत्रकारांच्याही नंतर पाहणार. साठ वर्षांपूर्वीच्या कॅस्पियनचीच ही पुनरावृत्ती नाही काय?

शिवाय युद्धच बदलले आहे. १४ फेब्रुवारी २०२४ रोजी काळ्या समुद्रात रशियाचे 'सीझर कुनिकोव्ह' हे सैन्य उतरवणारे मोठे जहाज बुडाले, ते युक्रेनच्या माणसाविना चालणाऱ्या छोट्या बोटींच्या हल्ल्यात. ज्या देशाला धड नौदल उरले नव्हते, त्याने हे केले. अवाढव्य आणि महाग यंत्र हे आता बळ जितके, तितकेच सोपे लक्ष्यही आहे. तरी सत्ताधाऱ्यांना राक्षसाचे वेड सुटत नाही, कारण राक्षस संचलनात चांगला दिसतो.

अमेरिकेच्या डार्पाने २०२२ मध्ये लिबर्टी लिफ्टरची घोषणा केली, कोणत्या कंपन्या निवडल्या ते सांगितले आणि २०२५ मध्ये, पूर्ण यान बांधण्याआधीच, काम थांबवले. अमेरिका काही धम्मराज्य नव्हे. तिथली शस्त्र-कंपन्यांची लूट जगजाहीर आहे. परंतु सुरू केलेले काम थांबवता येणे आणि थांबवले हे जनतेला कळणे, हीसुद्धा एक ताकद असते. हुकूमशाहीत प्रकल्प बंद होत नाहीत. त्यांचा पाठीराखा मरेपर्यंत ते चालू राहतात.

आणि आपण?

आपल्या देशाकडे पाहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद झाली. देशाला संरक्षण हवे, याबद्दल वाद नाही. महार बटालियन उभी राहावी म्हणून झटणारे बाबासाहेब सैन्याचे मोल जाणत होते. पण १० ऑक्टोबर १९५१ रोजी मंत्रिमंडळातून बाहेर पडल्यावर काढलेल्या निवेदनात त्यांनी आकडेच मांडले : देशाचा वार्षिक महसूल ३५० कोटी, त्यातले १८० कोटी सैन्यावर. परराष्ट्र धोरणाने मित्र जोडले नाहीत म्हणून हा भार गरिबांवर पडतो, हे त्यांनी ठणकावले. त्यांना कोणी देशद्रोही म्हणू शकला नाही. आज हाच प्रश्न एखाद्या तरुणाने विचारला तर काय होईल, हे वाचकांनीच ठरवावे.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने सामान्य माणसाला प्रश्न विचारण्याचे हत्यार दिले. पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत काही संस्था वगळल्या आहेत आणि त्यात संरक्षण संशोधन व विकास संघटना, म्हणजे डीआरडीओ, आहे. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाचे आरोप असतील तरच माहिती मागता येते. शत्रूला उपयोगी पडेल ते गुप्त राहावे, हे मान्य. पण प्रकल्प वर्षानुवर्षे का रखडला, निकामी का ठरला, जबाबदार कोण, हे गुप्त राहण्याने शत्रूचे काय बिघडते?

दुसरा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा. पडद्याआड बसले आहे कोण? केंद्र सरकारच्या जुन्या आदेशांनुसार, संशोधन करणाऱ्या किंवा संशोधनाची दिशा ठरवणाऱ्या वैज्ञानिक पदांना, ती अ गटातल्या सर्वात खालच्या पायरीच्या वरची असतील तर, आरक्षणातून वगळण्याची मुभा आहे. म्हणजे दारातून आत येण्यापुरते आरक्षण, पण निर्णयाच्या खुर्चीपाशी 'गुणवत्ते'ची भिंत! माझगाव डॉकमध्ये युद्धनौकेच्या पत्र्याला जोड देणारा वेल्डर आमचा चालतो. ती नौका कशी असावी हे ठरवणाऱ्या टेबलावर मात्र तो दिसू नये काय? ज्ञान काही जणांच्या ताब्यात आणि श्रम इतरांच्या माथी, ही विभागणी आम्ही हजारो वर्षे भोगली आहे. संरक्षणाच्या नावाखाली तीच विभागणी नव्या भिंतींत जगत असेल, तर तिला प्रश्न विचारणे हे देशाचेच काम आहे.

तिसरी गोष्ट. आपल्या देशातही पाण्यालगत उडणाऱ्या यानांची चर्चा सुरू झाली आहे. २०२५ च्या 'एरो इंडिया' प्रदर्शनात मद्रास आयआयटीच्या आधाराने उभ्या राहिलेल्या एका नव्या कंपनीने विजेवर चालणाऱ्या प्रवासी यानाची कल्पना मांडली, स्वस्त तिकिटाचा दावाही केला. दावे सिद्ध व्हायचे आहेत. पण प्रवासी वाहतुकीचा विचार आधी होतो आहे, ही चांगली गोष्ट आहे. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी नद्यांकडे असेच पाहिले होते. १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौवहन आयोग त्यांच्याच खात्याखाली आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात कटकच्या परिषदेत त्यांनी ओरिसाच्या पुराच्या पाण्यातून शेती, वीज आणि जलवाहतूक कशी उभी राहील हे मांडले. पाणी हे शाप नसून गरिबांची संपत्ती आहे, ही त्यांची दृष्टी. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी लढणाऱ्या माणसाने देशभरच्या पाण्याचे नियोजन करायला घेतले होते!

म्हणून आमच्या तरुणांना आमचे सांगणे आहे. आयटीआयमध्ये, तंत्रनिकेतनात, अभियांत्रिकी महाविद्यालयात तुम्ही जे शिकता ते नुसते नोकरीपुरते शिकू नका. यंत्र कसे चालते हे शिका, तसेच ते कोणासाठी चालते हेही विचारा. शिष्यवृत्ती रखडली म्हणून जसे निवेदन देता, तसेच संशोधन संस्थांत आपल्या माणसांची किती पदे भरली, किती रिकामी ठेवली, याचा हिशेब मागा. आपले खासदार संसदेत संरक्षणाच्या मागण्यांवर तोंड उघडतात की नाही, हे पहा. चर्चेविना मंजूर होणारा प्रत्येक रुपया तुमच्या शाळेतून, दवाखान्यातून, वसतिगृहातूनच जातो.

तथागतांनी सांगितले की, ऐकले म्हणून मानू नका, तपासून पहा. हा उपदेश धर्मापुरता नाही. क्षेपणास्त्रालाही तो लागू आहे. सोर्मोवोच्या कामगारांनी आणि अलेक्सेयेवसारख्या बुद्धिवंताने जे घडवले ते कोणालाच तपासू दिले गेले नाही, म्हणून ते देर्बेंतच्या वाळूत जाऊन पडले. आपल्या देशाच्या विज्ञानाची ती गत होऊ द्यायची नसेल, तर त्यावरचा पडदा बाजूला करण्याचे काम दुसरे कोणी करणार नाही. ते प्रश्न विचारणाऱ्या समाजालाच करावे लागेल.